दरेकशाहून परत आलेल्या दोन बाटल्या

हेमराज,

तू गेल्यावर इथल्या साप्ताहिकात तुझ्याबद्दल चार ओळी छापून आल्या. शिक्षण कुठं झालं, दरेकशाच्या दवाखान्यात किती वर्षं काढलीस, मागे पत्नी आणि एक मुलगी. सगळं बरोबर होतं, आणि वाचताना वाटलं, हा दुसराच कोणी डॉक्टर असावा. रोग्याच्या खाटेवर बसून आधी त्याच्या म्हशीची चौकशी करणारा आणि मग जीभ दाखव म्हणणारा माणूस त्या ओळींत कुठंच नव्हता. टोल्यावरचा, त्या चार झोपड्यांच्या वस्तीवरचा रोगी पाहून परत येताना तू सायकलवरून उतरलास, झाडाला टेकून बसलास आणि उठलाच नाहीस, हेसुद्धा मला मागून कळलं. तुझं हृदय बिघडलंय हे आपल्या दोघांपैकी एकालाही कळलं नव्हतं, आणि म्हणे आपण डॉक्टर.

आपल्या रविवारच्या बैठका माझ्या नावानं ओळखल्या जातात. त्या सुरू तू केल्यास. स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षाची गोष्ट असेल. तू गोंदियाला औषधं न्यायला आला होतास. मी नागपूरहून आणलेलं एक वैद्यकाचं मासिक टेबलावर पडलं होतं. ते तू उभ्या उभ्या वाचलंस, गाडी चुकवलीस आणि म्हणालास, "दिनकर, पुस्तकं नागपुरात अन् रोगी आमच्यापाशी. मधातलं अंतर कोण चालून जाईन?" त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी माझ्या दवाखान्यात आपण जमू लागलो. रेल्वेचे डॉक्टर, गावातले दोघं-तिघं, इस्पितळातल्या नर्सबाई आणि तुझ्या आग्रहानं मुर्रीचे वैद्यबुवा. बुवांना बोलवायला माझी हरकत होती. तू म्हणालास की रोगी आधी त्यांच्याकडे जातात, मग आपल्याकडे, तेव्हा आधी त्यांनाच कळू दे. मी नागपूरला जाऊन वाचायचं, ऐकायचं, वहीत उतरवून आणायचं आणि इथं मराठीत सांगायचं, अशी वाटणी झाली.

मधुमेहावर आपलं पहिल्यांदा भांडण झालं ते जेवणावरून. पुस्तकात पावरोटी आणि अंडी लिहिली होती, ती मी तशीच वाचून दाखवली. तू हसत सुटलास. तीन वेळा भात खाणाऱ्या मुलखात पावरोटी कोण खाईल, असं विचारलंस. शेवटी त्या पानाच्या मागं तूच वाट्या काढल्यास, भाताची एक, वरणाची एक, अंबाडीच्या भाजीच्या दोन. नर्सबाईंनी ते चित्र उतरवून घेतलं. आजही इस्पितळात त्याच वाट्या सांगितल्या जातात.

दुसरं भांडण सायत्रावरून. हा रोग बसून खाणाऱ्या शेठ लोकांचा, खेड्यात तो कुठला, असं मी बैठकीत बोलून गेलो. पुढच्या बैठकीला तू तिलाच घेऊन आलास. दरेकशाच्या रुळांवर काम करणाऱ्या मनीरामची बायको, वीस-बावीस वर्षांची, काडीसारखी वाळलेली. घागरभर पाणी प्यायची आणि तरी तहान भागायची नाही. तू सगळ्यांसमोर काचेच्या नळीत निळं पाणी घेतलंस, तिच्या लघवीचे थेंब टाकलेस, स्पिरिटच्या दिव्यावर उकळलंस. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं आणि मग थेट विटकरी झालं, म्हणजे साखरच साखर. माझ्याकडे न बघता तू म्हणालास, "ही कोणत्या गिरणीची शेठाणी आहे?"

मी हरलो, आणि त्या दिवशी हरल्याचं मला बरंही वाटलं. तिचं इन्सुलिन माझ्याकडून जायचं. मी बाटल्या गाडीच्या गार्डाजवळ द्यायचो, तू त्या ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचास. सुई उकळायची कशी, मांडीत टोचायची कशी, नळीचा रंग बघायचा कसा, हे सगळं तू तिला शिकवलंस. तिला अक्षरओळख नव्हती, पण रंग बरोबर सांगायची. तिचं अंग भरलं. भात कापणीला जाऊ लागली. तरी सुईचा तिला फार कंटाळा होता. एकदा मी दरेकशाला आलो असताना ती मला म्हणाली, "मी का चाळणी आहो जी? रोज दोन भोकं पाडून राहिली." आपण दोघंही हसलो. ती हसली नाही.

मग गोळ्या आल्या.

नागपूरला त्यावर व्याख्यान झालं. मी शेवटच्या रांगेत बसून चार पानं लिहून घेतली. पहिल्या तीन पानांवर गोळी काय करते, किती द्यायची, कोणाला गुण येतो. चौथ्या पानावर, ती कोणाला द्यायची नाही. ज्यांचा रोग तरुणपणी सुरू झाला, जे झपाट्यानं वाळले, त्यांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन उरलेलंच नसतं. गोळीनं ते येत नाही. अशांची सुई बंद करायची नाही. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

त्या रविवारी माझ्या दवाखान्यात बसायला जागा उरली नव्हती. आमगाव, तिरोड्यापर्यंतचे डॉक्टर आले होते. मी व्याख्यानाला सुरुवात केली तेव्हा भातगिरणीचे शेठजीही येऊन बसले. त्यांना मी दोन आठवड्यांपूर्वीच गोळ्यांवर घेतलं होतं. तिसरं पान संपत आलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर साहब, सुई छूट गई, समझो जेल से छूट गया." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. लोक किंमत विचारू लागले, कुठं मिळते विचारू लागले. मी उत्तरं देत राहिलो. हेमराज, मला ते फार आवडत होतं. इतकी वर्षं नागपूरच्या शेवटच्या रांगेतला मी, इथं पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

तुझ्या गाडीची वेळ झाली होती. मी दाखवायला आणलेल्या गोळ्यांची एक पुडी पिशवीत टाकून, पिशवी खांद्याला लावून तू दारात थांबलास आणि विचारलंस, "म्हणजे सुई बंद करता येते का रे?"

मी म्हणालो, "येते."

चौथं पान माझ्या अंगठ्याखाली होतं. तू कोणासाठी विचारतोयस हे मला कळलं नाही, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं. पण तुझ्याकडे सुईवर दुसरं कोण होतं? मनात आलं होतं की हा थांबला की नीट सांगू. तू थांबणार नव्हतास, गाडी होती. लोकांना उरलेलं पान वाचून दाखवावं, तर शेठजींनी मागवलेली जिलबी आली होती. मधुमेहाच्या बैठकीत जिलबी, यावर पुन्हा हशा झाला. मी वही मिटली.

इथवर असतं तर मी स्वतःला म्हणू शकलो असतो की एक शब्द निसटला. पण बुधवारी गार्डानं माझ्या हातात कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या दिल्या. सोबत तुझी चिठ्ठी. सायत्राची सुई सोमवारी बंद केली, गोळ्या सुरू केल्या, पोरगी खुशीत आहे, या तुझ्या दुसऱ्या कोणा रोग्याच्या कामी येतील, वाया जाऊ नयेत. तेव्हा बाहेर बाकावर रोगी बसले होते. मी बाटल्या कपाटात ठेवल्या. तेव्हा मला कळलं होतं, हेमराज. संध्याकाळी तुला लिहायचं ठरवलं. लिहायचं म्हणजे मी चुकीचं सांगितलं असं लिहावं लागणार होतं. संध्याकाळी मी लिहिलं नाही. तू रोज नळी उकळतच असशील, रंग बघून सावध होशील, असं मनाशी म्हणालो. गुरुवारी दुपारी स्टेशनावर जाऊन तार करता आली असती. माझ्या दवाखान्यापासून स्टेशन किती लांब आहे, ते तुला माहीत आहे.

शुक्रवारी तू तिला घेऊन आलास. तू, मनीराम आणि एक पोर्टर, चादरीत घालून. रंग विटकरी झाला तेव्हा तू मडकं उघडलंस, तर तुझ्याकडे इन्सुलिनचा थेंब नव्हता, कारण तो माझ्या कपाटात होता. तिचा श्वास खोल आणि घाईचा चालला होता. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता, ज्याबद्दल मीच एका बैठकीत सांगितलं होतं. आपण तिला इस्पितळात सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं. त्याच दोन बाटल्यांतलं. नर्सबाई तिच्या उशापासून हलल्या नाहीत. शनिवारी सकाळी ती गेली.

मनीराम इस्पितळाच्या पायरीवर बसला होता. तू त्याच्याशेजारी खाली बसलास आणि त्याला सांगितलंस की गोळीनं सुईचं काम होईल असं तुला वाटलं, ते झालं नाही, चूक तुझी. मी तुमच्या मागं उभा होतो. मनीरामनं तिची चादर गुडघ्यावर घडी घालून ठेवली. मग म्हणाला, "चार दिवस खूब खुशीत होती जी."

नंतर चौकशी आली. ती येणारच होती. तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला आणि तू लिहून दिलंस की नव्या औषधाबद्दल ऐकण्यात तुझी चूक झाली. ऐकण्यात. हा शब्द तू कसा शोधलास? मलाही विचारलं गेलं, बैठकीत इन्सुलिन बंद करण्याचा सल्ला दिला होता का. मी उत्तर लिहिलं की बैठकीत सर्वसाधारण चर्चा झाली, कोणत्याही विशिष्ट रोग्याबाबत सल्ला दिला गेला नाही. त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी त्यावर दोन दिवस खपलो होतो.

तुझी गोंदियाला बदली होणार होती. विमलला हायस्कुलात घालायचं म्हणून तू तीन वर्षं अर्ज करत होतास. ती बदली रद्द झाली. मग मी पुढं झालो. पोरीची शाळा बुडायला नको, ती आमच्याकडे राहू दे, म्हणालो. तू लगेच हो म्हणालास. ही दोन वर्षं विमल आमच्या घरी राहिली. जेवताना माझ्या समोरच्या पाटावर बसायची. तुझ्यासारखाच भात आधी सगळा कालवून घ्यायची आणि मग खायची. आपण तुझ्या मुलीसाठी काहीतरी करतोय, असं मला पहिले काही दिवस वाटलं. नंतर जेवणाची वेळ झाली की मी रोगी बघत बसू लागलो. कौसल्यावहिनी या दोन वर्षांत एकदाही आमच्या घरी आल्या नाहीत. पोरीला भेटायच्या त्या स्टेशनावर. बायको म्हणायची, त्यांना कामातून सवड होत नसेल.

आपलं त्यावर एकदाच बोलणं झालं. फलाटावर, तुझी गाडी उशिरा होती तेव्हा. मी धीर करून म्हणालो, "त्या दिवशी तू विचारलं होतंस..." तू मला पुढं बोलू दिलं नाहीस. म्हणालास, "विचारलं, पण एकदाच विचारलं. डॉक्टरानं दोनदा विचाराले पाहिजे होतं." मी म्हणालो, तसं नाही. तू म्हणालास, "तसंच आहे." आणि चहावाल्याला हाक मारलीस. मला वाद घालायचा होता. तू हरायला हवा होतास, एवढ्या एका वादात तरी. पण मी चहा घेतला. तो संपेपर्यंत गाडी आली.

तू बैठकीला येणं बंद करशील असं मला वाटलं होतं. खरं सांगू, मी तशी आशाच केली. तू एकही रविवार चुकवला नाहीस. दरवेळी माझं सांगून झालं की तू मागच्या बाकावरून विचारायचास, "अन् हे कोणाले द्यायचं नाही?" काहीही असो, क्षयाचं औषध, तापाचं औषध, तुझा प्रश्न तोच. लोक हसायचे, मग हसायचे थांबले, मग तेच आधी विचारू लागले. तुझ्या त्या एका प्रश्नानं या भागात किती माणसं वाचली असतील, ते मी सांगू शकत नाही. माझ्यापुरतं सांगतो. महिनाभर मी त्या प्रश्नाच्या धाकात असायचो. बैठक बंद करता येत नव्हती, कारण ती कामाची होती. चालवताही येत नव्हती. तुला उत्तर देताना तुझ्या चेहऱ्यावर मी राग शोधायचो. तो सापडला असता तर मी सुटलो असतो.

परवा तुझी शोकसभा झाली. माझ्याच दवाखान्यात, त्याच बाकांवर. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. रेल्वेचे डॉक्टर म्हणाले की एक चूक सोडली तर या माणसाकडे बोट दाखवायला जागा नव्हती. मी उठलो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी सांगितलं, ती चूक हेमराजची नव्हती. त्यानं मला विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो. बाटल्या परत आल्याचंही सांगितलं.

मी खाली बसलो. मग वैद्यबुवा उठले, माझ्याजवळ आले आणि मला पोटाशी धरून म्हणाले की गेलेल्या मित्राचं नाव धुऊन काढायला एवढं कोण करतं. रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, दिनकरराव, तुमचं मन मोठं आहे, पण हेमराजनं स्वतःच लिहून दिलं होतं, तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका. मी म्हणालो, अहो, हे खरं आहे. ते मान हलवत राहिले. बाहेर पडताना दोघं जण माझ्याबद्दल आदरानं बोलत होते, ते मला ऐकू आलं. हेमराज, तू ती चूक इतकी घट्ट धरून गेलास की ती माझी आहे असं म्हटलं तर माझाच मान वाढतो. आता हे मी कुणाला सांगू, आणि कसं?

म्हणून काल दरेकशाला गेलो. दवाखान्याचं घर सोडायचं म्हणून वहिनी सामान बांधत होत्या. विमल आत भांडी गुंडाळत होती. वहिनींनी मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यालाच त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे. सायत्रा गेली त्याच दिवशी ते घरी येऊन बोलले."

हातातली दोरी खाली ठेवून त्या पुढं बोलल्या. म्हणाल्या, "ते म्हणत, दिनकर सांगीन. मी म्हणत होती, नाही सांगत. दोन वर्षं आमचं हेच चालू होतं. मीच जिंकली, भाऊजी."

मी त्यांना शोकसभेचं सांगितलं. लोकांनी मानलं नाही, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या की बोललेलं हवेत जातं, लिहून द्या. त्यांनीच सांगितलं, शाळेत एक मुलगी विमलला म्हणाली होती की तुझ्या बापाच्या हातानं बाई मेली. माझ्या घरात राहून, माझ्या समोर जेवून विमलनं हे मला कधी सांगितलं नव्हतं.

मी तुझ्याच टेबलावर बसून लिहिलं. वहिनींनी कागद वाचला आणि माझ्यापुढं परत ठेवला. मी लिहिलं होतं, आमच्या बोलण्यात गैरसमज झाला. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "गैरसमज कोणाचा?" मी दुसरा कागद घेतला. तोही त्यांनी परत दिला, त्यात मी घाई आणि गाडीची वेळ लिहिली होती. तिसऱ्यांदा लिहिलं: हेमराजनं मला विचारलं. खरं काय ते माझ्या वहीत होतं आणि मला ठाऊक होतं. मी चुकीचं सांगितलं, आणि बाटल्या परत आल्यावर कळूनही दोन दिवस गप्प बसलो. सायत्रा त्यामुळं गेली. खाली सही केली. त्याचीच दुसरी प्रत लिहून चौकशी करणाऱ्या साहेबांच्या नावानं दरेकशाच्या टपालात टाकली. त्यावर काय होईल, सांगता येत नाही. माझा परवाना जाईल, किंवा एका भल्या माणसाचं दुःखानं चित्त ठिकाणावर नाही असा शेरा मारून ते कागद बाजूला ठेवतील. दुसऱ्या शक्यतेची मला जास्त भीती वाटते.

मनीरामकडेही गेलो. तो बोगद्यापाशी कामावर होता. त्यानं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाला की डाक्टरसाहेब तिच्या वर्षश्राद्धाला आले होते, जेवले नाहीत, नुसते बसून राहिले होते. तुम्ही नव्हते आले. एवढंच बोलला आणि पुन्हा कामाला लागला.

गाडीला वेळ होता म्हणून परत तुझ्या घरी आलो. विमल पायरीवर बसून माझा कागद वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं तो घडी घालून हातातच धरला. मला वाटलं, ती रडेल, किंवा आता आमच्याकडे राहणार नाही म्हणेल. तिनं विचारलं, "काका, बाबाले हे सारं माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"मग त्यायनं काऊन नाही सांगितलं?"

मला वाचवायला गप्प राहिलास की मी आपण होऊन बोलावं म्हणून वाट बघत राहिलास? की तुला खरंच वाटत होतं की चूक तुझी? फलाटावर चहा पिताना हे विचारायला मला भरपूर वेळ होता. मी तिला म्हणालो, मी त्याला विचारलं नाही, पोरी.

तिनं मान हलवली आणि ती आत आईला मदत करायला गेली.